तिसरी म्हणे भाषा

माझ्यासमोर एक उत्तरपत्रिका आहे. आठवीची, इंग्रजीची घटक चाचणी. प्रश्न असा की, सुट्टीत तुम्ही भेट दिलेल्या थंड हवेच्या ठिकाणाचे वर्णन आठ ओळींत करा. गुण पाच. पोरानं चार ओळी लिहिल्यात. त्या रोमन लिपीतून आपल्या लिपीत उतरवतो, काही न सुधारता:

माय फादर शुगरकेन कट. माय मदर मोळी टाय. आय लिटल ब्रदर कॅच. नाईट ट्रक कम वुई नॉट स्लीप.

त्यावर लाल पेनाची तिरपी रेघ. पाचपैकी शून्य. कडेला शेरा: विषय सोडून लिहिले.

शाळेचं नाव सांगत नाही, मास्तरांचंही नाही. एका शाळेपुरता प्रश्न असता तर कागद काळा करायची गरज नव्हती, जाऊन भांडलो असतो. मास्तर वाईट माणूस नाही. त्यांच्यापुढं साठ पेपरांचा गठ्ठा होता आणि त्यांनी तो नियमानं तपासला. मला भांडायचंय ते त्या नियमाशी. कवितासंग्रहांची समीक्षा आपण पुष्कळ छापतो. या वेळी या चार ओळींची आणि त्या लाल रेघेची करू.

आधी ओळी वाचा. नीट वाचा, मास्तर व्हायची घाई करू नका. बाप ऊस तोडतो, आई मोळी बांधते, मी धाकट्याला धरतो, रात्री ट्रक येतो म्हणून आम्ही झोपत नाही. एवढं कळलं की नाही? कळलं. मग भाषेचं पहिलं काम झालं. आता चुका बघा. पहिल्या तिन्ही वाक्यांत क्रियापद शेवटी गेलंय. मराठीत ते शेवटीच जातं, अहिराणीत, भिलीत, पावरीत, शेजारच्या गुजरातीतही शेवटीच जातं. म्हणजे पोरानं तीन चुका केल्या नाहीत, एकच नियम तीनदा पाळला, आणि तो त्याच्या घरचा आहे. अंदाजे ठोकणारा पोरगा दर वाक्यात वेगळीकडे घसरला असता. हा एकाच जागी थांबतो. जागा एकच असेल तर शिकवायलाही एकच गोष्ट आहे, आणि ती दोन दिवसांचं काम आहे.

दुसरं. वर्गात ‘टाय’ शिकवला होता तो बुटाची नाडी बांधताना. याच्या पायात नाडीचा बूट नाही. यानं तो शब्द उचलला आणि उसाच्या मोळीला बांधला. शिकणं म्हणतात ते यालाच ना? ‘मोळी’ला इंग्रजी शब्द सापडला नाही तर जागा कोरी सोडली नाही, आपला शब्द ठेवला. मोठे लेखक हे करतात तेव्हा आपण त्याला प्रयोग म्हणतो.

राहिला शेरा. विषय सोडून लिहिले. हे खरं आहे, थंड हवेच्या ठिकाणावर पोरानं एक शब्द लिहिला नाही. मी त्याला विचारलं, तोरणमाळ बघितलंस का कधी? तो हसला. म्हणाला, दादा, मी तिथलाच तर आहे, वरच्या पाड्यावरचा. तोरणमाळ म्हणजे नंदुरबार जिल्ह्यातलं, सातपुड्याच्या माथ्यावरचं थंड हवेचं ठिकाण. पुण्या-मुंबईची माणसं तिथं यशवंत तलाव बघायला येतात. हे पोरगं त्या थंड हवेतच जन्मलं. मग लिहिलं का नाहीस? म्हणाला, प्रश्नात भेट दिली असं होतं. मी भेट दिली नाही, मी राहतो. आणि सुट्टीत तर आम्ही फडावर होतो.

दोस्तांनो, त्या पेपरातलं खोटं इथं उघडं पडतं. प्रश्न इंग्रजीचा दिसतो, आतून तो दुसरंच विचारतो: तू सहलीला जाणाऱ्या घरातला आहेस का? डोंगर तुझ्या घरी आहे की तुझ्या अल्बममध्ये? पाच गुण त्या उत्तराला होते. इंग्रजी आमची कच्ची आहे हे कबूल, पण इथं कच्चेपणा मोजलाच गेला नाही. पोरगं खरं बोललं त्याचे गुण गेले.

पुरुषोत्तमनगर ज्यांनी पाहिलं नाही त्यांच्यासाठी चार शब्द. शहादा तालुक्यात सातपुडा तापी परिसर सहकारी साखर कारखाना आहे, त्याच्याभोवती ही वसाहत. सपाटीची काळी जमीन, ऊस, केळी, पाटाचं पाणी. जमीन एकाची, घाम दुसऱ्याचा. १९७२ साली भिल मजुरांची श्रमिक संघटना उभी राहिली ती याच तालुक्यात. अंबरसिंग सुरतवंती १९७४ साली गेले, त्यांचं नाव अजून पाड्यांवर निघतं. जिल्हा १ जुलै १९९८ ला धुळ्यातून वेगळा झाला. २०११ च्या जनगणनेत इथली साक्षरता ६४ टक्के, महाराष्ट्रात सगळ्यात कमी, आणि दर शंभरातली ६९ माणसं आदिवासी. कारखाना दारात, पण तोडीला कोणी इथल्या फडात, कोणी सुरत-बारडोलीकडे. दिवाळी झाली की टोळ्या निघतात, गाळप संपलं की परततात. शाळेचं दुसरं सत्र नेमकं त्याच महिन्यांत असतं. पोरगं एप्रिलमध्ये वार्षिक परीक्षेला बसतं तेव्हा जे शिकवलं त्याचा निम्मा भाग त्यानं ऐकलेलाच नसतो. परीक्षेचं वेळापत्रक आखणाऱ्याला उसाचा हंगाम माहीत नाही असं नाही. साखर तर त्याच्याही चहात असते.

आता भाषेचं गणित मांडू. बोर्डाच्या कागदावर मराठी शाळेत मराठी प्रथम भाषा, हिंदी दुसरी, इंग्रजी तृतीय. या पोराच्या तोंडात बघा. घरी पावरी. शहाद्याच्या बाजारात अहिराणी. शाळेत मराठी. मग हिंदी. मग इंग्रजी. तिसरी म्हणे भाषा! पाचवी आहे ती, आणि बारडोलीकडची गुजराती धरली तर सहावी. पाच भाषा पार करत आलेल्या पोराला आपण ‘भाषा विषयात अप्रगत’ लिहितो, आणि ज्याच्या घरात बापाच्याही बापाला इंग्रजी येत होतं त्याच्या एका भाषेला हुशारी म्हणतो. घटनेत कलम ३५० अ आहे, १९५६ च्या सातव्या दुरुस्तीनं आलेलं: भाषिक अल्पसंख्याकांच्या मुलांना प्राथमिक शिक्षण मातृभाषेतून मिळावं म्हणून राज्यानं सोय करावी. २००९ च्या शिक्षण हक्क कायद्यातही शक्य तेथवर मातृभाषा हाच शब्द आहे. या ‘शक्य तेथवर’मध्ये सगळा सातपुडा बुडालाय. २०११ च्या जनगणनेत देशात भिली बोलणारे एक कोटीवर, तरी भिली आठव्या अनुसूचीत नाही. २०२५ साली पहिलीपासून हिंदीवरून महाराष्ट्र पेटला. एप्रिलचा शासन निर्णय जूनअखेर मागे घ्यावा लागला. बरं झालं. पण त्या सगळ्या भांडणात पहिलीतल्या पावऱ्या पोराला मराठीसुद्धा परकीच आहे, हे किती भाषणांत आलं?

ही मोजपट्टी आपल्याला नवी नाही. १९७२ साली ‘गोलपिठा’ आला तेव्हा कामाठीपुऱ्यातली मराठी मराठी आहे की नाही इथूनच वाद सुरू झाला. प्रस्तावना लिहिणाऱ्या विजय तेंडुलकरांना त्यातले शब्द अडले आणि त्यांनी ते कबूल केलं, हा त्यांचा मोठेपणा. बाकीच्यांनी काय केलं? शब्द अडला तो आपल्याला, आणि दोष दिला कवितेला. ओबडधोबड आहे, शिवराळ आहे, कलाकृती नव्हे, समाजशास्त्राचा कच्चा माल आहे. आपली भाषा आपण त्यांच्या तागडीत घालायला नकार दिला, तेव्हा कुठे दलित साहित्य उभं राहिलं. त्याच शहादा तालुक्यातले वाहरू सोनवणे भिलीतून आणि मराठीतून लिहीत आले. त्यांच्या ‘गोधड’चं आपण कौतुक करतो. मग या आठवीच्या पोराच्या चार ओळींना शून्य पडतो तेव्हा आपला नकार कुठं जातो?

सांगतो कुठं जातो. गेल्या पावसाळ्यात आमच्या अभ्यासिकेत निबंध ठेवला होता, बाबासाहेबांचे जीवन. मराठीतून. याच पोरानं दीड पान लिहिलं. तपासायला मी होतो. शब्द घरचे, प्रत्यय घरचे, मध्येच अहिराणीचा ‘शे’. मी सतरा शब्दांना लाल गोल केले. खाली लिहिलं: शुद्धलेखनाकडे लक्ष द्यावे. बाबासाहेबांवर लिहिणाऱ्या आदिवासी पोराला आंबेडकरी कार्यकर्त्यानं सतरा लाल गोल दिले! नंतर तो दोन महिने फिरकला नाही. आम्ही म्हणालो, त्यांच्यात शिक्षणाची गोडी नाही. च्यायला, हेच वाक्य आमच्या बापाबद्दल कोणी म्हटलं होतं ते आम्हाला पाठ आहे.

हा रोग आपल्यापुरता नाही. दलित पँथरनं १९७२ साली नाव घेतलं ते अमेरिकेच्या ब्लॅक पँथरवरून. त्याच देशातली ही गोष्ट. १९७० साली कॅलिफोर्नियात मेक्सिकन वंशाच्या नऊ मुलांच्या वतीनं राज्याच्या शिक्षण मंडळावर दावा झाला. मुलांच्या घरी स्पॅनिश, बुद्धीची चाचणी घेतली इंग्रजीतून. पोरांना मतिमंद ठरवून वेगळ्या वर्गात टाकलं. पुन्हा स्पॅनिशमधून तपासलं तेव्हा बहुतेक पोरं त्या रेषेच्या वर निघाली. डोकं तेच होतं, प्रश्नाची भाषा बदलली. तडजोडीत शिक्षण खात्याला कबूल करावं लागलं की मुलाच्या घरच्या भाषेतून चाचणी घेऊ. मग १९७४ साली सॅन फ्रान्सिस्कोच्या चिनी मुलांचा खटला तिथल्या सर्वोच्च न्यायालयात गेला. इंग्रजी न येणारी सुमारे अठराशे मुलं, आणि त्यांना वेगळी काहीच मदत नाही. शाळांचं म्हणणं, आम्ही भेदभाव कुठं करतो? सगळ्यांना तेच पुस्तक, तोच वर्ग. न्यायालयानं हे मानलं नाही. ज्याला भाषाच कळत नाही त्याच्या हातात तेच पुस्तक देणं ही समान वागणूक नाही, असा त्या निकालाचा अर्थ. उपाय कोणता हे मात्र न्यायालयानं सांगितलं नाही, आणि पुढची भांडणं तिथंच झाली.

एकच पेपर, एकच वेळ, एकच उत्तरसूची, म्हणजे समता: हे आपल्याकडे अजून पवित्र वाक्य आहे. राखीव जागांच्या वेळी याच वाक्यानं आपल्याला हाणलं जातं. तेव्हा आपण बरोबर उत्तर देतो. तेच उत्तर वर्गात द्यायला आपण विसरतो.

इथं कोणी उठून म्हणेल, मग इंग्रजी सोडाच, मातृभाषेत शिका. हे म्हणणारांची स्वतःची पोरं कुठं शिकतात ते एकदा विचारा. इंग्रजी सोडायची नाही. सावित्रीबाईंनी १८५४ च्या ‘काव्यफुले’त इंग्रजी शिका म्हणून शूद्रातिशूद्रांना हाक दिली. बाबासाहेबांना एल्फिन्स्टन हायस्कूलमध्ये संस्कृत घेऊ दिलं नाही, फारसी घ्यावी लागली. भाषेचं दार कोण बंद करतं हे त्यांना शाळेतच कळलं. साउथबरो कमिटीपुढं १९१९ साली त्यांनी इंग्रजीतून मांडणी केली आणि दुसऱ्याच वर्षी ‘मूकनायक’ मराठीतून काढला. राज्यकर्त्यांशी त्यांच्या भाषेत, आपल्या माणसांशी आपल्या. दोन्ही हात चालले पाहिजेत. २००० साली रामकृष्ण मोरे शिक्षणमंत्री असताना मराठी शाळांत पहिलीपासून इंग्रजी आली तेव्हा पुष्कळ विद्वान ओरडले. आमच्या वस्तीत कोणी ओरडलं नाही. बरंच वाटलं.

पण दुसऱ्या टोकाचा आपला भाबडेपणाही थोडा नाही. पोटाला चिमटा घेऊन पोरगं इंग्रजी माध्यमात घातलं की क्रांती झाली. आदिवासी विकास विभाग मुलांना नामांकित म्हणवणाऱ्या इंग्रजी निवासी शाळांत पाठवतो. नाव मोठं, पण वर्गात त्या पोराशी त्याला कळेल असं कोण बोलतं? पहिल्या वर्षी ते गप्प बसतं. गप्प बसलेल्याला मठ्ठ म्हणतात. मठ्ठ म्हटलं की ते आणखी गप्प बसतं. घरी आलं की आजीशी पावरीतही धड बोलता येत नाही. इंग्रजी हवी, तिचा पूलही हवा. पुलाचं नाव घेतलं की आपलेच लोक म्हणतात, तुम्ही पोरांना मागं ओढता.

सेमी इंग्रजीचा प्रकार तर याहून वाईट, कारण तिथं इंग्रजी गणिताच्या आत लपून मारते. आमच्या अभ्यासिकेत ट्रॅक्टरवाल्याची एक मुलगी येते. कारखान्याच्या काट्यावर भरलेल्या ट्रॉलीचं वजन, रिकामीचं वजन, निव्वळ ऊस किती, टनाला भाव काय, हे ती बोटावर सांगते. टन, स्लिप, गेट, शिफ्ट, बॉयलर, सीझन, एवढी इंग्रजी तर कारखान्याच्या भोंग्याबरोबरच तिच्या कानात गेलीय. तीच पोरगी इंग्रजीतलं शाब्दिक उदाहरण बघते आणि पेन खाली ठेवते. मी तेच उदाहरण मराठीत वाचून दाखवलं, एक आकडाही न सांगता. तिनं सोडवलं. आता सांगा, गणितात ती नापास की पास? गणिताच्या पेपरात गणित तपासायचं असेल तर प्रश्न दोन्ही भाषांत छापा, उत्तर कुठल्याही भाषेत घ्या, अवघड शब्दांची यादी पेपरालाच जोडा. यात कोणाची गुणवत्ता बुडते?

आता अवघड जागेवर येतो. मी मास्तरांकडे गेलो होतो, भांडायला नव्हे, बोलायला. त्यांना म्हटलं, अर्थ पोचला त्याचे दोन गुण द्या, शब्दांचा एक द्या, रचनेचे कापा. विषय पोराच्या जगातला ठेवा. लिहिता येत नसेल तर तोंडी विचारा. २०१० पासून सातत्यपूर्ण सर्वंकष मूल्यमापन कागदावर आहेच, आकारिक मूल्यमापनात हे सगळं बसतं. ते म्हणाले, सगळं खरं, पण दहावीला बोर्ड माझ्यासारखं ऐकून घेणार नाही. आणि दुसरं म्हणाले ते जास्त झोंबलं: तुम्हीच लोक म्हणता ना, मास्तरच्या हातात गुण दिले की तो आडनाव बघून देतो?

म्हणतो. आणि खोटं म्हणत नाही. बोर्डाच्या उत्तरपत्रिकेवर नाव नसतं, नंबर असतो, तोही झाकलेला. तपासणाऱ्याला आपला वाडा कळत नाही. वेशीबाहेरच्या पोरांसाठी ही आंधळी परीक्षा एक ढाल होती. तोंडी परीक्षेत पोरगं समोर उभं असतं, कपड्यासकट, उच्चारासकट. ‘टेशन’ म्हणालं की घर कळतं. मग मी जे मागतोय, पोराला ओळखून मोजा, ते आपल्याच मानेवर सुरी ठेवणं तर नाही?

बरेच दिवस यावर डोकं खाजवलं. २०१९ ची दहावी आठवा. त्या वर्षी भाषांचे अंतर्गत वीस गुण काढून टाकले होते. निकाल आदल्या वर्षीच्या ८९.४१ टक्क्यांवरून ७७.१० वर आला. अभ्यासक्रमही त्या वर्षी नवा होता, सगळा दोष वीस गुणांचा नव्हे. पुढल्या वर्षासाठी ते गुण परत आणले. दोन्ही बाजूंनी चर्चा झाली ती एवढीच: फुकटचे गुण हवेत की नकोत. त्या वीस गुणांत पोरगं खरंच इंग्रजी बोलतं का, त्याला कोणी बोलायला बसवतं का, हे कोणाच्या डोक्यात नव्हतं. पुष्कळ ठिकाणी तोंडी म्हणजे मास्तर रजिस्टर घेऊन बसतो आणि सतरा-अठरा टाकत जातो. ही दया आहे. अन्याय गप्प राहावा म्हणून दिलेली भीक आहे. आणि जिथं ती दया नसते तिथं तेच रजिस्टर हत्यार होतं.

म्हणून मला वाटतं, मास्तरला ओळखू द्या, पण झाकून नको. पोरानं जूनमध्ये काय बोललं, दिवाळीत काय, मार्चमध्ये काय, ते वहीत लिहिलेलं असू दे, आणि ती वही पोराला, त्याच्या आईला, गावातल्या कोणालाही बघता येऊ दे. गुण कशाचे दिले ते आधी फळ्यावर लिहा. बोर्डाचा आंधळा पेपर राहू दे, पण त्यातले प्रश्न थंड हवेच्या ठिकाणावरून खाली उतरवा. आदिवासी, ऊसतोड, वीटभट्टी, धरणग्रस्त पोरांना शिकवणारे मास्तर पेपर काढायला बसू द्या. नर्मदा आंदोलनाच्या जीवनशाळा नव्वदच्या दशकापासून याच जिल्ह्याच्या डोंगरात चालल्या, तिथं पोराची बोली वर्गात येऊ दिली. पोरं मराठी शिकलीच, कोणी अडाणी राहिलं नाही. हे दुसऱ्या देशातून आणायचं नाही, धडगावच्या रस्त्यावर आहे.

काहींना हे सगळं किरकोळ वाटेल. मोर्चा नाही, घोषणा नाही, पाच गुणांचं काय घेऊन बसलात. पण पाच-पाच गुणांनीच पोरगं नववीत गळतं आणि कोयता हातात घेतं.

आमच्या अभ्यासिकेत सध्या एवढंच चाललंय. लाल पेन बंद केलंय. तो पोरगा परत आला, मी त्याची माफी मागितली. तो लाजला, मला जास्त लाज वाटली. त्याच्याकडून आधी पावरीत ऐकतो. पावरी येणारी नर्सिंगची एक मुलगी रविवारी येते, ती मला समजावते. मग तेच मराठीत, मग इंग्रजीत. क्रियापद मधे आणायला त्याला तीन रविवार लागले, मी दोन दिवस म्हटलं होतं. गेल्या रविवारी त्यानं त्या चार ओळी पुन्हा लिहिल्या. ‘माय फादर कट्स शुगरकेन’ जमलं. ‘मोळी’ तशीच ठेवली. मी शब्दकोशातून ‘बंडल’ काढून दिला. तो म्हणाला, बंडल बिडीचं असतं दादा.

तो कागद मी मास्तरांकडे नेऊन दिला. त्यांनी दोनदा वाचला, खिशात ठेवला. पुढची घटक चाचणी दिवाळीआधी आहे. टोळ्या निघायच्या आत.